हिमालय एवढा लांब, मग किल्लारी का हादरली? जाणून घ्या जमिनीखाली काय चाललंय

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन उरकून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर परिसरातली गावं भूकंपाने जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली. आजही मराठवाड्यात जमिनीतून गूढ आवाज आला की लोक घराबाहेर धावतात. पण जमीन हलते कशामुळे?

पोटात काय आहे?

आपल्या पायापासून पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर सुमारे ६,३७० किलोमीटर. त्यातलं वरचं कवच जमिनीखाली साधारण ३० ते ४० किलोमीटर जाड, म्हणजे कांद्याच्या वरच्या सालीसारखं. त्याखाली २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. हा खडक घट्टच, पण प्रचंड उष्णतेमुळे अतिशय सावकाश वाहतो. मधोमध लोखंड आणि निकेलचा गाभा. त्याचा बाहेरचा भाग वितळलेला, आतला घन.

भारत अजून सरकतोय

कवच आणि त्याखालच्या कडक थराचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. आपला भूपट्ट एकेकाळी दक्षिणेत आफ्रिका, अंटार्क्टिकाला जोडलेला होता. तो तुटून उत्तरेकडे निघाला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. त्या रेट्याने हिमालय उभा राहिला. हा प्रवास थांबलेला नाही. वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर, बोटाची नखं वाढतात जवळपास त्याच वेगाने तो सुरू आहे.

मग किल्लारीच का?

पुढे वाट अडली की ताण मागे सगळ्या भूपट्टात पसरतो. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाखाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे, त्यात जुन्या भेगा आहेत. ताण सोसवेना झाला की अशी एखादी भेग सरकते. किल्लारीत तेच झालं, असं शास्त्रज्ञ मानतात. भूकंपाचं केंद्र फार खोल नव्हतं, म्हणून हादरा जास्त बसला.

हे लक्षात ठेवा

किल्लारीत सर्वाधिक बळी घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. त्यामुळे घर बांधताना जोतं, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा घ्या. कोपऱ्यांत उभ्या सळया टाका. गवंड्याला हे आधीच सांगा. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कुठेच नाही. तसे व्हॉट्सॲप मेसेज पुढे पाठवू नका. जमीन कधी हलेल ते आपल्या हातात नाही, भिंत कशी बांधायची ते आहे.