सेकंद कुठे जातात?

प्रेपच्या वेळी एका सीनियरने फळ्यावर कोडे लिहिले. ट्रॅक ४ किलोमीटरचा. रेसिंग कारने पहिली फेरी ताशी १२० किलोमीटर वेगाने पूर्ण केली. दोन फेऱ्यांचा सरासरी वेग ताशी २४० हवा असेल, तर दुसरी फेरी किती वेगाने मारावी? मी हात वर करून ‘३६०’ म्हणालो. सेक्शनमधल्या बऱ्याच मुलांचे उत्तर तेच होते, म्हणून जरा धीर होता.

खरे उत्तर : जमणारच नाही. दोन फेऱ्या म्हणजे ८ किलोमीटर. ताशी २४० वेगाने त्यांना बरोबर २ मिनिटे लागतात, आणि तेवढी तर पहिल्याच फेरीत संपली. आता गाडीला रॉकेट बसवले तरी व्यर्थ!

आपण वेगांची बेरीज करून दोनाने भागतो, तिथे फसतो. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. आणि गाडी जिथे हळू जाते तिथेच जास्त वेळ असते.

गाडी बनवणाऱ्यांनाही हाच हिशोब करावा लागतो. समजा, त्याच ट्रॅकवर २ किलोमीटर सरळ रस्ता आहे, तिथे वेग ताशी २४०. उरलेले २ किलोमीटर वळणांचे, तिथे १२०. म्हणजे सरळ रस्त्याला ३० सेकंद, वळणांना ६०. फेरी ९० सेकंदांची. एका इंजिनियरने इंजिनची ताकद वाढवून सरळ रस्त्यावर वेग १० ने वाढवला. वाचले फक्त १.२ सेकंद. दुसऱ्याने मागचा पंख मोठा केला. हा पंख म्हणजे विमानाचा पंख उलटा बसवल्यासारखा. तो गाडीला उचलत नाही, रस्त्यावर दाबतो. त्यामुळे टायरची पकड वाढते. वळणांवर वेग ५ च वाढला, पण २.४ सेकंद वाचले. निम्मी वाढ, दुप्पट फायदा!

मात्र पंख फुकट मिळत नाही. तो हवा अडवतो. समजा, त्यामुळे सरळ रस्त्यावरचा वेग ५ ने घटून २३५ झाला, तरी दुसरी गाडी अर्ध्या सेकंदाहून थोडी जास्तच पुढे राहते. म्हणून मोनॅकोच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर फॉर्म्युला वनच्या गाड्या मोठे पंख लावतात. मोन्झाला मात्र लांबलचक सरळ पट्टे आहेत, तिथे पंख अगदी बारीक.

पण घड्याळ शेवटी फक्त बेरीज दाखवते. १९९७ मध्ये स्पेनमधल्या हेरेझ ट्रॅकवर मोसमातली शेवटची शर्यत होती. मायकेल शूमाकर जाक व्हिलनव्हच्या फक्त एका गुणाने पुढे होता. पात्रता फेरीत व्हिलनव्हची वेळ आली १ मिनिट २१.०७२ सेकंद. मग शूमाकरची : १:२१.०७२. मग हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झेनची : १:२१.०७२! व्हिलनव्ह आणि फ्रेंट्झेन विल्यम्समध्ये, शूमाकर फेरारीत. गाड्या वेगळ्या, इंजिने वेगळी, तरी एक हजारांश सेकंदाचाही फरक नाही. तेवढ्या वेळात त्या वेगाची गाडी साडेपाच सेंटीमीटर जाते, म्हणजे माझ्या खोडरबरापेक्षा थोडेसेच जास्त. मग नियम लागला : ज्याने ती वेळ आधी नोंदवली तो पुढे. पहिला व्हिलनव्ह, दुसरा शूमाकर, तिसरा फ्रेंट्झेन. शर्यतीत शूमाकर व्हिलनव्हच्या गाडीला धडकून बाहेर पडला आणि विजेतेपद व्हिलनव्हला मिळाले.

हे सगळे मी का लिहितोय? गेल्या सत्रात हाऊसच्या क्रॉस कंट्री टीममधली माझी जागा ४ सेकंदांनी हुकली. मी दोन महिने शेवटच्या २०० मीटरच्या धावेचा सराव केला होता, कारण तिथे सगळे टाळ्या वाजवतात. कोडे सुटल्यावर मी माझ्या वेळा वहीत मांडल्या. पंप हाऊसमागच्या चढावर मी जवळजवळ चालतच होतो, आणि सर्वात जास्त मिनिटे तिथेच गेली होती. उस्तादांना वही दाखवली. ते हसले आणि म्हणाले, “कल से चढ़ाई, दस बार.”

आज सहावा दिवस आहे. पाय दुखतात. निवड चाचणी पुढच्या शनिवारी.