सोयाबीनचे तेल : किती आणि कसे?

मारुंजी परिसरात शेती आता इमारतींच्या मधल्या तुकड्यांत उरली आहे. थोड्या रानात सोयाबीन करायचे म्हटले, की शेतकरी हमखास विचारतो, "साहेब, जादा तेलाचं बियाणं कोणतं?" प्रश्न रास्त आहे. पण त्यात दोन गोष्टी आहेत : दाण्यात तेल किती, आणि ते तेल कसे.

सोयाबीनच्या दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल व ४० टक्के प्रथिने असतात. तेलाचे प्रमाण एका जनुकावर ठरत नाही. अनेक जनुके थोडाथोडा हातभार लावतात. शिवाय तेल वाढवायला जावे तर प्रथिने घटतात. त्यामुळे हे प्रमाण हळूहळूच वाढते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस १४०७ हा वाण घ्या. तेल १९.८१ टक्के, प्रथिने ४१ टक्के. २०२१ साली त्याची बातमी आली. पण त्याची शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड व ईशान्येकडील राज्यांसाठी आहे. पुण्यात तयार झाला म्हणून मारुंजीत पेरावा, असे नव्हे.

तेलाचा प्रकार मात्र मोजक्या जनुकांच्या हाती असतो. नेहमीच्या सोयाबीन तेलात ओलिक आम्ल पाव हिश्श्याच्या आसपास, लिनोलिक निम्म्याहून अधिक आणि लिनोलेनिक ७-८ टक्के असते. या लिनोलेनिकमुळे तेल लवकर खवट होते. दाण्यात ओलिकचे लिनोलिक करणारी मुख्य जनुके दोन. एक बंद पडले तरी दुसरे काम रेटते. दोन्ही निकामी असलेली झाडे अमेरिकेत तयार केली, तेव्हा ओलिक ८० टक्क्यांपर्यंत गेल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या एनआरसी १४७ या वाणात ते सुमारे ४२ टक्के आहे.

सोयाबीन स्वपरागी पीक आहे. घरच्या बियाण्यातही हा गुण टिकतो. पण मळणी यंत्रात दुसऱ्या वाणाचे दाणे मिसळले, की सगळं मुसळ केरात! अडत्या भाव लावतो तो ओलावा, कचरा आणि डागी दाणा पाहून. ओलिक काही डोळ्यांना दिसत नाही.

तेव्हा शेतकरी बंधूंनी असा वाण घेण्याआधी वेगळा भाव देणारा खरेदीदार ठरवावा, मळणी यंत्र झाडून घ्यावे, पोती वेगळी ठेवावीत. खरेदीदार नसेल, तर आपल्या भागासाठी शिफारस केलेला, चांगला उतारा देणारा वाण निवडावा. तेलाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा एकरी एक जादा पोतेच पदरात पैसा टाकते.