सर्व्हरला डिस्क दिसत नाहींत तेव्हां

ज्या सर्व्हरवर एखाद्या पतपेढीचे, इस्पितळाचे वा शाळेचे सर्व हिशेब चालतात, त्याच्यावर नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चढविण्याचें काम सहसा सुटीच्या दिवशीं अगर रात्रीं हातीं घेतात. यंत्र सुरू होतें. स्थापनेचा कार्यक्रम पडद्यावर येतो, भाषा विचारतो, वेळ विचारतो, आणि मुक्काम कोठें करावयाचा हें विचारण्याची पाळी आली कीं सांगतो, "डिस्क सांपडली नाहीं." यंत्राच्या पोटांत तर चार डिस्क आहेत व चौघींचे हिरवे दिवे लुकलुकत आहेत. अशा वेळीं माणूस गोंधळतो, आणि गोंधळाच्या भरांत त्याच्या हातून एक चूक अशी होऊं शकते कीं, सकाळीं पतपेढी उघडावी तों खातींच उरलेलीं नसावींत.

हा घोटाळा समजण्यासाठीं रेड-व्यवस्था म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. येथें रेड म्हणजे धाड नव्हे. इंग्रजी आद्याक्षरें जुळवून केलेला तो शब्द आहे. इ. स. १९८८ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एकच मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षां लहान व स्वस्त डिस्कांचा समूह वापरावा, आणि त्यांतील एखादी बिघडली तरी मजकूर शाबूत राहावा म्हणून कांहीं जादा नोंद ठेवावी, हा त्याचा मथितार्थ. नांवांतील ‘स्वस्त’ हा शब्द पुढें जाऊन त्या जागीं ‘स्वतंत्र’ हा आला. विकणाऱ्याला आपला माल स्वस्त म्हणवून घेणें फारसें रुचत नाहीं.

जादा नोंदीची युक्ति शाळेंतल्या मुलालाहि समजेल. पाटीवर ७, ४ व ९ हे आंकडे लिहिले आणि शेजारीं त्यांची बेरीज २० मांडली. मधला आंकडा पुसला गेला, तर विसांतून सोळा वजा करून तो ४ होता हें सांगतां येतें. पांचव्या प्रकारच्या रेडमध्यें हेंच तत्त्व आहे. प्रत्यक्षांत बेरजेऐवजीं सम-विषमाची खूण ठेवतात, एवढाच फरक. दोन आंकडे एकदम पुसले गेले तर मात्र उत्तर निघत नाहीं, म्हणून सहाव्या प्रकारांत दोन निराळ्या खुणा ठेवतात. पहिल्या प्रकारांत एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर असते. शून्य क्रमांकाच्या प्रकारांत जादा नोंद मुळींच नसते. तेथें एक डिस्क गेली कीं सगळेंच गेलें.

हा सर्व कारभार पाहण्यासाठीं सर्व्हरांत एक नियंत्रक बसविलेला असतो. त्याला कोठावळा म्हणावें. कोठारांत पोतीं किती व कोणत्या कणगींत काय आहे, हें त्याला एकट्याला ठाऊक असतें. बाहेरच्यास तो एकच दार दाखवितो. चार डिस्कांची मिळून केलेली ही एक आभासी डिस्क होय. स्थापनेच्या कार्यक्रमाला खऱ्या डिस्क दिसतच नाहींत; कोठावळा दार दाखवील तेवढेंच दिसतें. शिवाय कोठावळ्याची भाषा निराळी असल्यामुळें मध्यें दुभाषी लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. म्हणून "डिस्क सांपडली नाहीं" या वाक्याचा अर्थ ‘डिस्क मेली’ असा करूं नये. हें वाक्य कोण बोलत आहे, हें प्रथम विचारावें.

यंत्र सुरू होतांना नियंत्रकाच्या स्वतःच्या पडद्यांत शिरतां येतें. तेथें चारहि डिस्क दिसत असतील, पण आभासी डिस्क एकहि नसेल, तर नव्या यंत्रांत ती निर्माण करावी म्हणजे काम झालें. यंत्र जुनें असेल, डिस्क दुसऱ्या सर्व्हरांतून काढून आणलेल्या असतील, तर नियंत्रक त्यांना परक्या ठरवितो व ‘फॉरिन कॉन्फिगरेशन’ असें सांगून दोन मार्ग पुढें ठेवतो. ‘इम्पोर्ट’ म्हणजे जुनी मांडणी मान्य करणें आणि ‘क्लिअर’ म्हणजे ती विसरून जाणें. जवळच बहुधा ‘इनिशिअलाइझ’ ही सूचनाहि असते. आरंभीं सांगितलेली चूक होते ती येथें. शब्द निरुपद्रवी दिसतो, परंतु त्यानें जुन्या मजकुरावर शून्यें लिहिलीं जातात. या पडद्यांत शिरण्यापूर्वीं मजकुराची प्रत यंत्राबाहेर निराळ्या जागीं असलीच पाहिजे. रेड ही ती प्रत नव्हे. चुकून पुसलेलें पान ती तितक्याच इमानानें दुसऱ्या डिस्कवरूनहि पुसते.

नियंत्रकास आभासी डिस्क दिसते, पण स्थापनेच्या कार्यक्रमास दिसत नाहीं, तेव्हां उणीव बहुधा दुभाष्याची. मे २०१९ मध्यें रेडहॅट कंपनीनें आपल्या लिनक्सची आठवी आवृत्ति काढली, तेव्हां सातवींत असलेले कित्येक जुने दुभाषे गाळले, आणि राहिलेल्या कांहींच्या यादींतून जुन्या नियंत्रकांचीं नांवें कमी केलीं. डेलच्या जुन्या पॉवरएज सर्व्हरांतील पर्क सहा-आय हा नियंत्रक त्यांत सांपडला. काल सातवी आवृत्ति ज्या यंत्रावर सुखानें नांदत होती, त्याच यंत्रावर आठवीला डिस्क दिसेना! यंत्रांत रतिमात्र दोष नव्हता. एलरेपो या मंडळानें असे गाळलेले दुभाषे निराळ्या ड्रायव्हर-डिस्कच्या रूपानें पुरविले. स्थापनेच्या आरंभींच ‘आयएनएसटी डॉट डीडी’ या सूचनेनें ती जोडावी लागते. पुढें २०२४ मध्यें अल्मालिनक्सच्या ९.४ आवृत्तींत कांहीं जुन्या नियंत्रकांचीं नांवें परत घालण्यांत आलीं. उसना दुभाषी आणला कीं एक पथ्य मात्र पाळावें लागतें: प्रणालीचा गाभा बदलला कीं तो त्याच्याशीं जुळतो कीं नाहीं, हें यंत्र बंद करण्यापूर्वीं पाहावें. विंडोज सर्व्हरमध्यें याच कामासाठीं ‘लोड ड्रायव्हर’ हें बटण असतें. २००३ च्या आवृत्तींत तर एफ-सहा ही कळ दाबून फ्लॉपीच घालावी लागे, आणि फ्लॉपी शोधण्यांत अर्धी रात्र जाई.

उलट प्रकारहि होतो. एकाच्या जागीं दोन डिस्क दिसतात. मुख्य फळ्यावरच बसविलेल्या स्वस्त रेडमध्यें कोठावळा नांवापुरता असून खरें काम ड्रायव्हरच करतो. तो नसला म्हणजे दोन्ही डिस्क सुट्या दिसूं लागतात. त्यांतील एकीवर प्रणाली उतरविली, तर आरशाचीं दोन्ही अंगें तेथेंच फुटतात.

आणखी एक अडचण निव्वळ अंकगणिताची आहे. एक टेराबाइटच्या चार डिस्क पांचव्या प्रकारानें जोडल्या, तर एकीएवढी जागा खुणेला जाऊन तीन टेराबाइटांची आभासी डिस्क बनते. विभागांची जुनी एमबीआर पद्धति ३२ बिटांची असल्यामुळें ५१२ बाइटांच्या हिशेबानें सुमारें २.२ टेराबाइटांपलीकडे मोजूं शकत नाहीं. एकटी कोणतीहि डिस्क मर्यादेबाहेर नाहीं, सर्व मिळून मात्र आहेत, म्हणून ही गोष्ट ध्यानांत येत नाहीं. तेथें जीपीटी पद्धति घ्यावी. विंडोजला त्यावरून सुरू होण्यास जुन्या बायोसऐवजीं यूईएफआय हवें. लिनक्स बायोसवरहि चालेल, परंतु त्यास आरंभ-कार्यक्रमासाठीं एक मेगाबाइटाचा चिमुकला विभाग लागतो. बहुतेक नियंत्रकांत सोपा उपाय असतो तो असा कीं, त्याच डिस्कांतून प्रणालीपुरती एक लहान आभासी डिस्क वेगळी काढावी आणि मजकुरासाठीं दुसरी ठेवावी.

नियंत्रक नसतांना लिनक्स स्वतःच आरशाची व्यवस्था करूं शकतो. तेथें आरंभ-कार्यक्रम पुष्कळदां एकाच डिस्कवर लिहिलेला राहतो. वर्ष-दोन वर्षें कांहीं कळत नाहीं. पुढें नेमकी तीच डिस्क बिघडली कीं दुसरीवर सर्व मजकूर धडधाकट असूनहि यंत्र जागें होत नाहीं. याची परीक्षा मजकूर भरण्यापूर्वींच होऊं शकते. यंत्र बंद करून पहिली डिस्क काढावी आणि सुरू करून पाहावें. नंतर ती परत जोडून, दोघींची जुळणी पूर्ण होईपर्यंत थांबावें, मग दुसरी काढावी. मोठ्या डिस्कांना या जुळणीस कित्येक तास लागतात, आणि तेवढा वेळ दुसऱ्या डिस्कला हात लावूं नये.