हात धुऊनही न संपणारं धुणं

नवीन जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. अशा घरात एखादं मूल तासभर हातच धूत बसलं, की ओरडा ठरलेला. पण तो हट्ट नसेलही. मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी, पुष्कळदा बालपणातच सुरू होतो. मेंदूचा पुढचा भाग आणि आतले स्ट्रायटम व थॅलॅमस हे भाग यांना जोडणाऱ्या मंडलाचं काम बिघडतं; ‘झालं, पुरे’ ही जाणीवच होत नाही. मुलाला हात स्वच्छ दिसतो, पण तसा वाटत नाही.

काही मुलांना शर्टाचं लेबल टोचतं, कुकरची शिट्टी असह्य होते. ही संवेदनशीलता म्हणजे ओसीडी नव्हे, मात्र दोन्ही एकाच मुलात आढळू शकतात.

घरचे बिचारे दहादा ‘स्वच्छ आहे रे’ म्हणतात. त्यानं क्षणभर बरं वाटतं आणि चक्र आणखी घट्ट होतं. उपचार नेमका उलटा: तज्ज्ञाच्या मदतीनं भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं, धुणं मात्र लांबणीवर टाकायचं. गरजेप्रमाणे औषधंही असतात. गंडेदोऱ्यांत वर्ष घालवू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.