दिवस राहतात पण टिकत नाहीत: तपासण्या कोणत्या, आणि कुणाच्या?



एखाद्या घरची सून हळदीकुंकवाला किंवा डोहाळजेवणाला येत नाही, तेव्हा आपल्याकडे तिची चौकशी होते आणि मग आवाज हळू होतो. "तिचे दोनदा राहिले नाही." पुढे कुंडली, नवस, दृष्ट, तिची नोकरी, तिचे स्कूटर चालवणे असे सगळे निघते. कारण शोधायचे मात्र राहून जाते. मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण नात्यातल्या एका जोडप्याबरोबर दवाखान्यात बसायची वेळ आली, डॉक्टरांना बरेच विचारता आले. त्यातून जे समजले ते आपल्या कुटुंबांसाठी लिहीत आहे.

पहिली गोष्ट, आपोआप गर्भपात होणे दुर्मीळ नाही. लक्षात आलेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १५ अशा संपतात. सुरुवातीच्या तीन महिन्यांतल्या जवळजवळ निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो बहुधा त्या वेळेपुरता असतो. जिना चढल्याने, पपई खाल्ल्याने किंवा ऑफिसला गेल्याने तो होत नाही. म्हणून एकदा असे झाले तर सहसा मोठ्या तपासण्या करत नाहीत. दोनदा झाले की आता बहुतेक डॉक्टर तपासणी सुचवतात. काही ठिकाणी अजून तीनचा नियम धरतात, पण वय पस्तिशीपुढे असेल तर वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट, गर्भ कितव्या आठवड्यात गेला हे नीट सांगणे ही निम्मी तपासणी आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच माणसाचे आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले. काही स्त्रियांचा गर्भ पहिले तीन महिने उत्तम वाढायचा आणि चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येता, पुन्हा पुन्हा जायचा. या स्त्रियांत गर्भ निरोगी होता, गर्भाशयाचे तोंड कमकुवत असल्यामुळे ते वेळेआधी उघडत होते. शिरोडकरांनी त्या तोंडाभोवती टाका घालून ते आवळण्याची शस्त्रक्रिया बसवली आणि १९५५ साली प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते स्त्रीच्याच मांडीतील पडद्याची पट्टी वापरत. आज जगभर 'शिरोडकर टाका' याच नावाने तो ओळखला जातो. त्यांना १९७१ साली पद्मविभूषण मिळाले. मात्र हा टाका सर्वांसाठी नाही. दुसऱ्या महिन्यात गर्भ जात असेल तर त्याचा उपयोग नाही. कारणाप्रमाणे उपाय असतो.

आता मुख्य तपासण्या.

१. गर्भाशयाची रचना: थ्री-डी सोनोग्राफी, गरज पडल्यास दुर्बिणीतून पाहणी. आत जन्मजात पडदा किंवा गाठ आहे का ते कळते.

२. अँटिफॉस्फोलिपिड तपासणी: यात रक्तात गुठळ्या करणारी प्रतिद्रव्ये शोधतात. ल्यूपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन अशी नावे अहवालात दिसतील. ती आढळली तर १२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावीच लागते, कारण साध्या आजारपणातही ती तात्पुरती वाढतात. दोन्ही वेळा आढळली तर पुढच्या खेपेस कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शने देतात. ज्यांवर खरोखर उपाय आहे अशा कारणांपैकी हे एक आहे. पण ही औषधे कुणाचे पाहून स्वतः घेऊ नयेत.

३. थायरॉइड आणि साखर: साधे रक्त, थोडा खर्च, आणि दोष असला तर गोळ्यांनी आटोक्यात येतो.

४. गुणसूत्रे: ही तपासणी नवरा-बायको दोघांची. दर १०० जोडप्यांत दोन ते पाच ठिकाणी दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. त्या व्यक्तीला स्वतःला काहीच त्रास नसतो. तो एक नवराही असू शकतो.

५. गेलेल्या गर्भाची तपासणी: ही आधी ठरवावी लागते. गुणसूत्रांसाठी नमुना सलाइनमध्ये पाठवतात. फॉर्मेलिनमध्ये टाकला की त्याचा या कामी उपयोग सहसा राहत नाही. म्हणून क्युरेटिंगच्या आधीच डॉक्टरांना विचारावे.

सरसकट 'टॉर्च' तपासणीचा वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण शोधायला फारसा उपयोग नाही, तरी ती पुष्कळदा लिहून दिली जाते. नवऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची इंजेक्शनेही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सुचवलेली नाहीत. महागडे पॅकेज घेण्याआधी "याचा निकाल आला तर उपचारात काय बदलेल?" एवढे विचारा.

आपल्या ग्वाल्हेरात कमलाराजा रुग्णालय हे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले स्त्रियांचे रुग्णालय आहे. तिथे जा किंवा खासगी डॉक्टरांकडे, एक फाइल बरोबर न्या. प्रत्येक गर्भधारणेची तारीख, किती आठवडे झाले होते, ठोके दिसले होते का, दुखले की नुसता रक्तस्राव झाला, सगळे सोनोग्राफीचे अहवाल आणि दोघांचे रक्तगट त्यात हवेत. बायकोचा गट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर अँटि-डी इंजेक्शन घेतले होते का तेही लिहा. लग्न मामाच्या किंवा आत्याच्या घरात झाले असेल तर संकोच न करता सांगा. आमच्या त्या जोडप्याचे निम्मे कागद हरवले होते आणि पहिली भेट त्या तारखा आठवण्यातच गेली.

शेवटचे, सर्व तपासण्या करूनही जवळजवळ निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. हे ऐकून ती दोघे खचली होती. पण डॉक्टर म्हणाले, कारण न सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जोडप्यांना पुढे मूल होते, तेही विशेष उपचारांशिवाय. त्यांना लागते ती सुरुवातीपासून नियमित तपासणी आणि घरातला धीर.

तेव्हा घरातल्या ज्येष्ठांना विनंती, दवाखान्यात सुनेला एकटी पाठवू नका, मुलालाही रक्त द्यायला बरोबर पाठवा. आणि पुढच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे जरूर करा. यायचे की नाही, ते तिचे तिला ठरवू द्या.