स्नायूसाठी पेशींचे इंजेक्शन? आधी विचारा

लोकलमधून पडून मांडीचा मोठा स्नायू गेला, तर तिथे फक्त व्रण भरतो. लहान इजा स्नायूतल्याच सॅटेलाइट पेशी दुरुस्त करतात. मोठी इजा त्यांना पेलत नाही. बाहेरून टोचलेल्या पेशी बहुतेक काही दिवसांत मरतात. म्हणून शास्त्रज्ञ त्या फायब्रिन किंवा कोलेजनच्या मऊ जेलमध्ये ठेवून पाहत आहेत, जसे रोप मुळांभोवतीच्या मातीसकट लावतात. पण हे अजून संशोधनच आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी लाखभर मागितले, तर दागिने मोडू नका. सीटीआरआय नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीची मंजुरी मागा. तथागतांनी कालामांना हेच शिकवले: तपासा, मग स्वीकारा.