गर्द सोडवायचा तर कोंडू नका, दवाखान्यात न्या

‘चार दिवस कोंडून ठेवा, आपोआप सुटेल,’ असा सल्ला शिरूर-दौंडच्या वस्त्यांत आम्हाला ऐकू येतो. तो मानू नका. गर्द एकदम बंद केला की ८ ते १२ तासांत नाक-डोळे गळू लागतात, अंग मोडून येते, उलट्या-जुलाब लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो. अंगातले पाणी कमी होऊन जीवही धोक्यात येऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देऊन हा त्रास आटोक्यात ठेवता येतो.

मोठा धोका घरी परतल्यावर असतो. शरीराची सवय मोडलेली असते. त्यामुळे पूर्वीएवढाच गर्द पुन्हा घेतला तर श्वास थांबू शकतो. श्वास मंदावला, ओठ निळे पडले तर लगेच १०८ ला फोन करा. पुढचे उपचार व समुपदेशन मध्येच सोडू नका. काहींना औषध अनेक महिने घ्यावे लागते.

येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करते. १४४४६ हा सरकारी मोफत मदत क्रमांक आहे.

पाचवे शील आपण रोज घेतो. ते मोडलेल्या मुलालाही करुणेने जवळ घ्या आणि उपचाराला न्या.